समजा म्हणायचं राहून गेलं

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे. आठांपैकी दोन-तीन अंगं तरी टेबलाला नक्की लागली आहेत, बाकीची लागली असं धरून घे.) आम्ही सगळे इथे ठीक. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं होतं, ते फिरणं अजून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच चाललंय, की जिना उतरायला सुरुवात झाली? फोन करून विचारलं असतं, पण फोन वाजला की तो शेजाऱ्यांचाच असणार असं तू ठरवून टाकतेस, म्हणून हे पत्र. माझं मागचं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते पोचलं. दहापैकी साडेचार गुण आणि खाली शेरा, 'मुद्द्यावर ये'. (वर तीर्थरूप लिहून खाली अगंतुगं करतो म्हणून अर्धा गुण कापलास, तो मात्र शुद्ध अन्याय आहे. लहानपणी मी 'तुम्ही' म्हणालो की तूच खो खो हसायचीस.) तर या खेपेला मुद्द्यावर यायचा प्रयत्न करतो. तसं काम काही नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसलोय.

तर झालं असं, की आमच्या शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, मुलांच्या कल्पनाशक्तीला चालना मिळेल असे पाठ कसे आखावेत. सूचना लागली तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी (यांना सगळे 'हातचा' म्हणतात, कारण चहा असो, खडू असो की रजा, ते एक हातचा राखूनच ठेवतात) ती दोनदा वाचली आणि मला एवढंच विचारलं, की हे शनिवारी आहे का. शनिवारीच होतं. मग विषय काय आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य उरलं नाही. मी मात्र खालची ओळही वाचली. प्रशिक्षणानंतर प्रत्येकाने मोठ्या बाईंसमोर (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका; उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्या पाठीमागेसुद्धा कोणी तसं बोलत नाही) एक कल्पक पाठ घ्यायचा, आणि ज्याचा पाठ जमणार नाही त्याचा वर्ग पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाईल व त्याला परीक्षा विभागात घेतलं जाईल. परीक्षा विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिला खिडकी नाही. आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, फाटके नकाशे आणि एक चेपलेला पृथ्वीगोल. वर्षभर गठ्ठे बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे, आणि डोक्यावरून मुलं धावत गेली की धूळ झटकायची.

आत्या, तुला ठाऊक आहे, या शाळेत मला सहावी ब सोडून दुसरं काही नको असतं. सहावीची मुलं धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत; उत्तर येत असलं की अजून अख्खा हात वर करतात, दंड पार कानाला टेकवून. सातवीत गेली की तोच हात कोपरापर्यंत येतो, आठवीत नुसतं बोट. तो अख्खा हात बघायला मी रोज शाळेत जातो. (हल्ली माझ्या तासाला तो पाणी प्यायला जाण्यापुरताच वर यायचा, ही गोष्ट वेगळी. ती मोठ्या बाईंच्याही लक्षात आली होती, ही गोष्ट आणखी वेगळी.)

प्रशिक्षक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पिशवीत लोकरीचे गुंडे, गळ्यात शिट्टी, आणि आवाज इतका गोड की रागवायचीही सोय नाही. दुसरी खोली मोकळी नव्हती म्हणून आम्हाला बालवर्गात बसवलं. तिथल्या खुर्च्या तू पाहिल्या असशीलच, बसलं की गुडघे कानाशी येतात. (कंबर तिथेच धरली.) बाईंनी पहिल्याच तासाला सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, समजा, तुम्ही एक बी आहात, जमिनीखाली अंधार आहे, ऊब आहे. थोड्या वेळाने डोळे उघडायला सांगितलं तेव्हा हातचा सरांनी ते उघडले नाहीत. ते घोरत होते. मी म्हटलं, आता यांची काही धडगत नाही. तर बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, ''उठवू नका, ते खूप खोल रुजलेत.'' त्या दिवशी सर्वोत्तम सहभागाचा कागदी बिल्ला हातचा सरांना मिळाला. मी पूर्ण वेळ जागा होतो, मला काही मिळालं नाही.

पण बाईंनी एक गोष्ट निक्षून सांगितली आणि ती मला पटली. मुलांना कल्पनेत न्यायचं तर आधी 'समजा' म्हणायचं. ते म्हटलं की मुलांना कळतं, इथपर्यंत खरं आणि इथून पुढे मनातलं. ते न म्हणता नेलंत, तर मग पुढचं तुम्ही निस्तरा. मला तेव्हा तूच आठवलीस. बीजगणित शिकवण्यात तुझा जन्म गेला. समजा क्ष म्हणजे पिशवीतली लिंबं, समजा य म्हणजे पिशवीचं भोक. आम्हाला ती पिशवी दिसायची. एकदा तर मी खाली पडलेली लिंबं शोधायला बाकाखाली वाकलो होतो. (तू तेव्हा ओरडली नव्हतीस. 'सापडली का?' असं विचारलं होतंस.)

घोटाळा झाला तो पाठ कागदावर मांडायची वेळ आली तेव्हा. कल्पना नवी, पण टाचणाचा कागद जुनाच होता, आणि त्यात शेवटचा रकाना असतो तो तुला तोंडपाठ असेल: 'विद्यार्थ्यांचा अपेक्षित प्रतिसाद'. आता आम्ही जातिवंत मास्तर. रकाना रिकामा दिसला की आम्हाला अन्न गोड लागत नाही. तेव्हा मुलं काय कल्पना करतील तेही आम्हीच लिहून टाकलं. भाषेच्या बाईंनी लिहिलं, 'विद्यार्थी स्वतःला ढग समजून आनंदाने तरंगतील (दोन मिनिटे)'. हातचा सरांनी अपूर्णांकांसाठी लिहिलं, 'विद्यार्थी मनात एक कलिंगड आणतील व त्याचे आठ समान भाग करतील. भाग असमान झाल्यास कल्पना पुन्हा करून घ्यावी'. मोठ्या बाईंनी ते सगळं वाचलं आणि एक व्यवहारी शंका काढली, की मुलांनी अपेक्षित कल्पना केलीच नाही तर? बाहेरच्या माणसासमोर शोभा नको. तेव्हा तालीम घ्या. प्रशिक्षक बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्या लोकर गुंडाळत होत्या.

माझा धडा होता हवेचा दाब. मी टाचणात लिहिलं, विद्यार्थी हवेचे कण होतील. पुढचे बाक म्हणजे समुद्रकिनारा, मधले पठार, मागचे शिखर. किनाऱ्याने म्हणायचं, सर, मला फार दाब जाणवतोय. शिखराने म्हणायचं, सर, मला इथे मोकळं मोकळं वाटतंय. आठवडाभर तालीम केली. मोकळं वाटण्याचा सराव करून करून मुलं मेटाकुटीला आली. वर्गात एक मुलगी आहे, तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर'ने सुरू होतं, म्हणून शिक्षकखोलीत तिला सगळे पणसरच म्हणतात. तिने विचारलं, ''पण सर, मला खरंच मोकळं नाही वाटलं तर?'' मी म्हटलं, तरी म्हणायचं. (पेन खाली ठेव. मला कळतंय ते.)

पाठाच्या दिवशी सकाळी मोठ्या बाई आल्या आणि फोटो नीट यावा म्हणून त्यांनी ऐनवेळी सगळ्या वर्गाला उंचीप्रमाणे बसवलं. बुटके पुढे, उंच मागे. माझं शिखर, पठार आणि किनारा यांची पार मिसळ झाली, आणि माझ्या ते लक्षात आलं तेव्हा प्रशिक्षक बाई मागच्या खुर्चीत स्थिरावल्या होत्या. मी म्हटलं, समजा, तुम्ही हवेचे कण आहात. (या वेळी म्हटलं होतं. नोंद घ्यावी.) मुलं गुणी. ज्याने जे पाठ केलं होतं ते त्याने खणखणीत म्हणून दाखवलं. एकाच बाकावर एक जण दाबाखाली चिरडतोय आणि त्याला कोपर लावून बसलेला मोकळा मोकळा. पठाराला आपण कुठे आहोत हेच कळेना, ते दोन्ही वाक्यं म्हणालं. आणि पणसर उठली. ''पण सर, आम्ही दोघी एकाच उंचीवर बसलोय. मग हिच्यावर दाब आणि मी मोकळी, असं कसं?'' प्रश्न बिनतोड होता. मोठ्या बाईंनी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि मला जिन्याखालच्या खोलीचा वास यायला लागला.

घाम पुसायला म्हणून मी खिशात हात घातला, तर रुमालाऐवजी हातात आलं तुझं पत्र. सकाळीच आलं होतं, वाटेत वाचत वाचत शाळेत पोचलो होतो. (वाचून बरं वाटलं नव्हतं, तेही सांगतो. पूर्वी तुझी पत्रं माझ्या चुकांनी भरलेली असायची, हल्ली जास्त करून तुझ्या तक्रारींनी. तो विषय नंतर.) मला दुसरं काही सुचेना. म्हणालो, माझी एक आत्या आहे, ती फार वैतागलीय, आणि का ते मला कळत नाही, तुम्हीच बघा. आणि सरळ वाचायला लागलो. बटाटे किती वेळ ठेवले तरी शिजत नाहीत. चार पावलं वर चढलं की धाप लागते. (तू 'जिना' लिहिलं होतंस. तो शब्द मी का गाळला, देव जाणे.) कानांना सारखे दडे बसतात. शाईचं पेन गळतं. वेफर्सचा पुडा आणावा तर फुगून टुम्म, दुकानदार नुसती हवा विकतो.

आत्या, मी पत्र खाली केलं. आणि मग एक हात वर आला. अख्खा. मग दुसरा, मग तिकडून तीन. कोणी म्हणालं, शेगडी बिघडलीय. कोणी म्हणालं, दुकानदार लबाड आहे. (तुझ्या मताला एक मत मिळालं.) कोणी तुला बरं नाही असं म्हणालं, ते मी घाईघाईने बाजूला सारलं. आणि पणसर म्हणाली, ''पण सर, या सगळ्याचं कारण एकच असलं तर?'' ती फळ्याकडे आली, एक मोठा त्रिकोण काढला आणि त्याच्या टोकावर एक घर. म्हणाली, त्या खूप उंच डोंगरावर राहतात. तिथे वर हवाच थोडी, म्हणून धाप. पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही, म्हणून बटाटे कच्चे. पुडा खाली भरला आणि वर नेला, म्हणून फुगला. पेनाचंही तेच. पुस्तकातलं एक वाक्य न वापरता तिने माझा अख्खा धडा सांगून टाकला. मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवून ओरडलो, शाब्बास, अगदी बरोबर!

माझा गुन्हा असलाच तर एवढाच आहे. एक शाब्बास. त्याच्या आधी समजा म्हणायचं राहून गेलं.

मग काय विचारतेस! वाऱ्याने उडू नये म्हणून तुझं छप्पर दोरांनी बांधलं गेलं. दुधाची सोय म्हणून तुला एक शेळी मिळाली. टपाल महिन्यातून एकदा, तेही गाढवावरून. तू तिथे गेलीस कशाला यावर वाद झाला; शांतता हवी म्हणून, असं एकाने सुचवलं, पण वाऱ्यात कसली आलीय शांतता म्हणून ते पडलं. शेवटी एकमताने ठरलं, की तू तिथे हवेचा दाब मोजतेस, सकाळ-संध्याकाळ, न चुकता, आणि तू एक दिवस जरी मोजला नाहीस तरी खालच्या सगळ्या लोकांना वादळ कधी येणार ते कळणार नाही. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. प्रशिक्षक बाई डोळे पुसत होत्या. मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, ''आत्याबाई खरंच तिथे राहतात?'' मला नेमका खोकला आला. तो त्यांनी होकार म्हणून घेतला. हातचा सर जाता जाता कानात म्हणाले, ''अपूर्णांकांसाठी अशी एखादी आत्या मलाही बघा.''

असो. मुद्द्यावर राहिलो की नाही? बाकी इकडे विशेष काही नाही. गार पाणी पिऊ नकोस, औषधं वेळेवर घे. उत्तर लाल शाईत आलं तरी चालेल, पण पाठव.

तुझा आज्ञाधारक (याचाही गुण कापशील),
भाचा

ता. क. काम काही नाही असं वर लिहिलंय, ते खोडून वाच. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रशिक्षणाचा समारोप आहे आणि मोठ्या बाईंनी पाहुण्या म्हणून तुला बोलावलंय. सहावी ब माझ्याकडेच राहील, हे त्यांनी अजून कागदावर लिहिलेलं नाही. 'आधी आत्याबाईंना आणा, मग सही करते,' म्हणाल्या. तुला फार काही करायचं नाही. स्वेटर घालायचा आणि वर्गासमोर उभं राहायचं. सहावी ब दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे धाप आपोआप लागेल.

ता. क. दुसरा. वेगळं पार्सल येईल, त्यात वर्गाने तुला लिहिलेली पत्रं आहेत. कृपा करून गुण देऊ नकोस. शेळीचं नाव सगळ्यांनी विचारलंय, ते तूच ठरव. दोराचा तुकडा आहे तो छपरासाठी. कुकर तुझ्या भाचेसुनेने घातलाय, वर्गाच्या शिफारशीवरून: त्यात वाफ कोंडते, दाब वाढतो, मग डोंगरावरही बटाटे शिजतात. दोघांना पुरेल एवढा आहे. एकटीसाठी शिजवायचा कंटाळा येतो हे तू लिहिलं नाहीस, पण मला ते कळतं.

ता. क. तिसरा. भाचा म्हातारपणी खोटं बोलायला लावतोय, असं वाटत असेल तर डोंगरावरची म्हणून येऊ नकोस. तिसऱ्या मजल्यावरची म्हणून ये. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'समजा' लिही, जन्मभर लिहिलंस तसं, आणि तिथून पुढे तू सांग. मोठ्या बाई काय म्हणायचं ते म्हणोत. मला जिन्याखाली जावं लागलं तर जाईन. त्या पृथ्वीगोलाचा पोचा तरी काढीन. पण ये.

ता. क. चौथा आणि शेवटचा. हे लिहावं की नाही यावर माझं बरंच चाललं होतं. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर पणसर मागे थांबली. तुझं पाकीट माझ्या खिशातून पडलं होतं, ते तिला सापडलं होतं. ''पण सर, यावर तिसरा मजला लिहिलंय.'' आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिला सगळं खरं सांगितलं. डोंगर नाही, शेळी नाही, आत्या इमारतीत राहते, एकटी, आणि हल्ली खाली उतरत नाही. वाटलं, रागवेल. पण तिने पाकीट नीट सरळ करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, मी वर्गात कोणाला सांगत नाही. दारापर्यंत गेली आणि वळली.

''पण सर, मग त्यांचे बटाटे का शिजत नाहीत?''

आत्या, तो रकाना मी कोरा ठेवलाय. शुक्रवारी तुला न्यायला येतोय. दार उघड, फोन शेजाऱ्यांचा असेल पण बेल तुझीच असेल. बटाटे मी घेऊन येतो.